जुन्या मॅसीचे इंजिन बांधायचे तर

जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे इंजिन खोलले की पहिली घाई होते ती पार्ट आणायची. पिस्टन-लायनरचा किट, बेअरिंगचा सेट, फुल पॅकिंग सेट अशी यादी घेऊन माणूस दुकानात जातो आणि घरी आल्यावर कळते की क्रँक आधीच २० थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलेली आहे, आणलेले बेअरिंग मात्र स्टँडर्ड, म्हणजे न घासलेल्या क्रँकचे आहे. या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: आधी धुवा, मग मोजा, मग पार्ट घ्या. हा क्रम पाळला तर नवख्या माणसालाही इंजिन नीट बांधता येते. क्रम चुकला तर अनुभवी मेस्त्रीचे इंजिनही पहिल्याच हंगामात तेल खायला लागते.

मापे आणि खुणा आम्ही मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १०३५ डोळ्यांपुढे ठेवून दिल्या आहेत. यांत पर्किन्स ३.१५२ घराण्यातले तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. भारतात ते पर्किन्सच्या परवान्यावर चेन्नईच्या सिम्पसन कंपनीने बनवले. बोअर ९१.४४ मिमी, स्ट्रोक १२७ मिमी, म्हणजे अडीच लिटर, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-२-३. पुणे जिल्ह्यात हे ट्रॅक्टर अजून पुष्कळ आहेत आणि पार्ट मिळतात, म्हणून शिकायला हे इंजिन उत्तम. झेटर २५११ किंवा महिंद्रा बी-२७५ असेल तर पद्धत हीच, मापे वेगळी. आपल्या इंजिन नंबरचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि खालचा आकडा त्याच्याशी जुळत नसेल तर मॅन्युअलचा धरा. एकाच इंजिनात वर्षानुवर्षे बारीक बदल झालेले असतात.

खोलण्याआधी

इंजिन खरेच खोलायला हवे का, हे आधी ठरवा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर बहुतेक वेळा एअर क्लीनर तुंबल्यामुळे किंवा नोझल-पंपामुळे येतो, त्यासाठी इंजिन उघडायची गरज नसते. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कॉम्प्रेशन कमी आहे, टायमिंग मागे आहे किंवा पाणी आत जाते आहे. इंजिन गरम करून ब्रिदरवर (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर) हात धरा. वाफेसारखा धूर जोरात आणि ठोके मारत येत असेल तर रिंगा गेल्या. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले तर हेड पॅकिंग किंवा हेडची चीर. गरम इंजिनात पूर्ण रेसवर ऑइल प्रेशर ३० पीएसआयच्या खाली राहत असेल तर बेअरिंगपर्यंत जावेच लागेल. पण त्याआधी दुसरा, खात्रीचा गेज लावून बघा, कारण जुन्या डॅशबोर्डवरचे गेज पुष्कळदा खोटे बोलतात.

वर्षानुवर्षे गोठ्याशेजारी उभा असलेला ट्रॅक्टर बहुधा जाम असतो. त्याला गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू नका. जाम झालेला व्हॉल्व्ह असेल तर पुशरॉड वाकतो, सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल निम्मे-निम्मे ओता, चार-आठ दिवस मुरू द्या आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहार लावून पुढे-मागे हलवून बघा. तरी हलले नाही तर हेड काढूनच काम करा.

इंजिन नंबर आणि आरसी बुक जुळते का तेही आत्ताच बघा. पुढे ब्लॉक बदलावा लागला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

हत्यारांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट: या इंजिनाचे नट-बोल्ट इंची आहेत. १३ किंवा १४ नंबरचा पाना “बसतोय की” म्हणून लावला तर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीची वेळ येते. १/२, ९/१६, ५/८, ३/४ अशा इंची रिंग पान्यांचा आणि सॉकेटचा सेट घ्या. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला नवा मिळतो, बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगला जुना सापडतो. टॉर्क रेंच, फीलर गेज आणि एक टनाची चेन कुप्पी लागेलच. मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरता येत नसतील तर मोजण्याचे काम बोरिंगवाल्याकडे करा, पण मापे कागदावर लिहून मागा.

पावसाळा टाळता आला तर टाळा. जून ते सप्टेंबरमध्ये उघडा बोअर एका रात्रीत तांबूस पडतो. दिवाळीनंतरचा कोरडा काळ चांगला, फक्त शेडमध्ये धूळ येणार नाही याची व्यवस्था हवी.

इंजिन बाहेर काढणे

या ट्रॅक्टरला वेगळी चॅसी नसते. पुढचा अ‍ॅक्सल इंजिनाला बोल्ट केलेला, इंजिन क्लचच्या हाउसिंगला बोल्ट केलेले, म्हणजे इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा. त्यामुळे मध्ये काहीही सोडण्याआधी दोन्ही भागांना आधार द्या. गिअरबॉक्सखाली घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे, मागच्या चाकांना पुढून-मागून ओट. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनवर ट्रॅक्टरचे तोंड डोलते, म्हणून अ‍ॅक्सल आणि त्यावरचा बिडाचा ओतीव आधार यांच्यात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका. ही पाचर विसरली की सुटा केलेला पुढचा भाग एका बाजूला कलंडतो, आणि पाय त्याच बाजूला असतो.

बॅटरी काढा, पाणी आणि तेल सोडा, बॉनेट, टाकी, रेडिएटर उतरवा. वायर आणि पाइप सोडण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. डिझेलच्या प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच बूच किंवा स्वच्छ प्लास्टिक बांधा, कापडाचा बोळा नको, त्याचे धागे पंपात जातात. मग पुढचा अ‍ॅक्सल चाकांसकट पुढे ढकलून वेगळा करा, इंजिन कुप्पीला घ्या आणि क्लच हाउसिंगचे बोल्ट सोडा. इंजिनाचे वजन दोनशे किलोच्या वर भरते. शेडचा पत्र्याचा अँगल त्यासाठी नसतो, पक्की तुळई किंवा घोडा हवा.

खोलताना

हेडचे नट इंजिन थंड असतानाच आणि बाहेरून आत असे थोडे थोडे सैल करा, नाहीतर हेड वाकते. चिकटलेल्या हेडखाली स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका. लाकडी हातोडीने कडेने ठोकत राहा, सुटते. पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात क्रमाने खोचा, कारण प्रत्येक रॉड आपल्या टॅपेटबरोबर झिजलेला असतो.

लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे रिंग पोहोचत नाही, तिथे कड राहते. बोटाने चाचपली की लागते. ती न काढता पिस्टन वर ठोकला तर रिंगा तुटतात आणि पिस्टनच्या खाचाही फुटतात. पिस्टन बदलायचाच असेल तरी कड काढा, कारण खाचांची अवस्था बघून आजाराचे कारण कळते.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांच्यावर एकाच बाजूला १, २, ३ असे पंच मारलेले आहेत का बघा. नसतील तर काढण्याआधी मारा. मेन बेअरिंगच्या कॅपचेही तसेच, नंबर आणि दिशा दोन्ही. या कॅप जागेवर बसवूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की क्रँक फिरणार नाही किंवा बेअरिंग जाळेल. जुने बेअरिंग फेकू नका. त्यांच्या पाठीवर अंडरसाइजचा, म्हणजे क्रँक किती घासली त्याचा, आकडा छापलेला असतो आणि झिजेची जागा बघून रॉड वाकला होता का, तेही समजते.

धुणे

इथे जितका वेळ द्याल तितका थोडा. ब्लॉकमधून सगळे प्लग काढा: ऑइल गॅलरीचे स्क्रू प्लग आणि पाण्याच्या जाकिटाचे डमी (पत्र्याच्या वाटीसारखे) प्लग. बोरवेलच्या जड पाण्यावर चाललेल्या ट्रॅक्टरच्या जाकिटात, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, चुन्याचा आणि गंजाचा थर घट्ट बसलेला असतो. “रेडिएटर नवा टाकला तरी गरम होतो” या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथे असते. डमी न काढता तो थर निघत नाही.

ब्लॉक मशीन शॉपच्या कॉस्टिकच्या गरम टाकीत घातला तर उत्तम. अ‍ॅल्युमिनियमचा एकही भाग त्यात जाऊ देऊ नका, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाते. टाकीतून आल्यावर प्रत्येक ऑइलच्या भोकातून लांब दांड्याचा तारेचा ब्रश घाला, मग डिझेल, मग हवा. क्रँकमधली तिरपी भोकेही अशीच. मशीन शॉपमधून आलेल्या वस्तूत ग्राइंडिंगची पूड असतेच, “आम्ही धुऊन दिलंय” यावर विसंबू नका.

मोजणे

एक थाऊ म्हणजे ०.०२५ मिमी. बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेत आणि तिला आडवा, असा मोजा. एका सिलिंडरचे सहा आकडे होतात. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगच्या जागी, आडव्या दिशेत सापडते. ती ८ थाऊपर्यंत गेली असेल तर नवे लायनर. त्याहून बरीच कमी असेल आणि बोअर गोल असेल तर फक्त हलके होनिंग (दगडाने बोअर घासून बारीक रेघा पाडणे) आणि नव्या रिंगा यावर भागते, ज्याला मेस्त्री हाफ काम म्हणतात. मधल्या अवस्थेत मात्र हाफ काम करू नका. अंडाकृती बोअरमध्ये नवी रिंग बसत नाही, पैसे दोनदा जातात.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) नवे असताना २.७४८५ ते २.७४९० इंच, कनेक्टिंगचे २.२४८५ ते २.२४९० इंच. प्रत्येक जर्नल दोन दिशांत मोजा. झीज किंवा अंडाकृतीपणा दीड थाऊच्या पुढे गेला तर ग्राइंडिंग. अंडरसाइज १०, २० आणि ३० थाऊ मिळतात. सगळ्यात खराब जर्नल ज्या मापात साफ होतो, त्याच मापाला त्या गटातले बाकीचे न्यायचे. ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट ठासून सांगा: जर्नलच्या दोन्ही कडांची गोलाई मूळ होती तशीच राहिली पाहिजे. काटकोनी कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तुटते. काम झाल्यावर भोकांच्या तोंडाची धार मोडली आहे का, तेही बोटाने बघा.

हेडवर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फीलर जातो का बघा. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या पातळ जागेत चीर जाते, म्हणून फेसिंगआधी (हेड घासून सपाट करण्याआधी) हेडची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. व्हॉल्व्ह सीट घासताना व्हॉल्व्ह किती खोल बसतो ते मोजा. वारंवार घासलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्ह खोल जातात, कॉम्प्रेशन घटते आणि थंडीत सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. तिथे नवी सीट बसवावी लागते. व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओता, दहा मिनिटांत थेंब उतरला नाही तर काम बरोबर.

आता सगळे आकडे एका कागदावर घेऊन पार्टच्या दुकानांसाठी पुण्याची नाना पेठ गाठा. बेअरिंग मागताना “मेन १०, कनेक्टिंग २०” असे स्पष्ट सांगा आणि दुकानातच पाठीवरचा आकडा वाचा. पॅकिंग सेट घेताना हेड पॅकिंग जुन्यावर ठेवून भोके जुळवा. पंप आणि नोझल मात्र स्वतः उघडू नका, कॅलिब्रेशन बेंच असलेल्या पंपवाल्याकडे द्या.

लायनर, होनिंग आणि पांढरे फडके

या इंजिनाचे लायनर ड्राय, म्हणजे पाणी त्यांना थेट लागत नाही. ते ब्लॉकमध्ये दाबाने बसतात. हे काम हायड्रॉलिक प्रेसवरच करून घ्या, लाकूड ठेवून घणाने ठोकलेला लायनर तिरका बसतो आणि कॉलर तडकते. “फिनिश” लायनर आणला तरी दाबून बसवल्यावर पुन्हा मोजा, तो किंचित आकुंचन पावतो. होनिंगच्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, तिरप्या जाळीच्या हव्यात. त्या जाळीत तेल धरून राहते.

होनिंगनंतर बोअर डिझेलने धुऊ नका. डिझेल घासकण जाळीत खोल बसवते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश घ्या. घासा, पाणी मारा, आणि पांढऱ्या सुती फडक्याला थोडे तेल लावून बोअर पुसा. फडके करडे झाले तर पुन्हा धुवा. पहिल्या दोन-तीन वेळा होतेच. फडके पांढरे निघेपर्यंत थांबायचे नाही, आणि निघाले की त्याच मिनिटाला सगळीकडे इंजिन ऑइल चोळायचे.

प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलून, तोंडाची फट फीलरने मोजा. इंचामागे तीन-चार थाऊ हा हिशोब धरला तर इथे ११ ते १४ थाऊ येते. फट कमी असेल तर रिंगचे टोक बारीक कानशीने घासा. फट नसलेली रिंग गरम झाल्यावर टोकाला टोक लावते आणि लायनर ओरबाडते.

बांधणे

मागचे ऑइल सील जुन्या इंजिनात दोरीचे असते आणि क्लचवर तेल येण्याची बहुतेक प्रकरणे इथेच सुरू होतात. दोरी अर्ध्या हाउसिंगच्या खाचेत आधी दोन्ही टोकांना बसवा, मग मधला फुगवटा अंगठ्याने दाबत आत घ्या आणि गुळगुळीत गोल दांड्याने लाटून खाचेत घट्ट बसवा. टोके धारदार पात्याने अशी कापा की प्रत्येक टोक १० ते २० थाऊ वर राहील. एकदम सपाट कापली तर जोडावर फट पडते, फार वर ठेवली तर हाउसिंग मिटत नाही. दोरीला तेल किंवा ग्रॅफाइट ग्रीस लावल्याशिवाय क्रँक बसवू नका, कोरडी दोरी पहिल्याच मिनिटात जळते.

मेन बेअरिंगच्या पाठी आणि त्यांच्या जागा कोरड्या, आतली बाजू तेलाने भरलेली. ब्लॉकमधल्या भोकासमोर बेअरिंगचे भोक आले का बघा. बोल्ट टप्प्याटप्प्याने ११० ते ११५ फूट-पाउंडपर्यंत, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवा. कोणत्या कॅपने जड झाली ते तेव्हाच कळते, सगळ्या आवळल्यावर कळत नाही. शंका असेल तिथे प्लास्टिगेजची (दाबली की चपटी होणारी मऊ तार) पट्टी ठेवून फट मोजा, साधारण अडीच ते चार थाऊ असावी.

पिस्टन रॉडवर बसवताना डोक्यावरची ‘फ्रंट’ची खूण पुढे. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नका. रॉडच्या बोल्टना रबरी नळीचे तुकडे घातले तर जर्नलवर ओरखडा येत नाही. रिंग कॉम्प्रेसर लावून हातोडीच्या दांड्याने हलके ठोका, अडकले तर थांबा, बहुधा रिंग बाहेर सुटलेली असते. रॉडचे नट नवेच घाला. नटाच्या मुलाम्यानुसार टॉर्क बदलतो, तो मॅन्युअलमधून घ्या.

टायमिंग गिअरच्या खुणा क्रँक, आयडलर, कॅम आणि पंप अशा सगळ्या एकदम जुळवा. नंतर क्रँक दोन फेरे फिरवली की आयडलरवरच्या खुणा परत जुळलेल्या दिसत नाहीत. त्याने घाबरून गिअर पुन्हा काढू नका, आयडलरच्या दात्यांची संख्या वेगळी असल्याने त्या खुणा पुष्कळ फेऱ्यांनीच भेटतात.

ऑइल पंप पुढून क्रँकच्या गिअरवर चालतो, त्यामुळे बाहेरून ड्रिल लावून आधी तेल चढवता येत नाही. म्हणून सम्प (खालची तेलाची टाकी) लावण्याआधी पंपात तेल किंवा व्हॅसलिन भरून ठेवा. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ६० फूट-पाउंड. टॅपेटची फट थंड इंजिनात १२ थाऊ. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह लावा, मग दोन तृतीयांश फेरा फिरवून दुसऱ्याचे, तितकाच फिरवून तिसऱ्याचे.

पहिल्यांदा सुरू करताना

सम्पमध्ये १५डब्ल्यू४० तेल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, साधारण सात लिटर लागते. हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपावरचे स्क्रू, शेवटी नोझलचे नट सैल करून. स्टॉपची दोरी ओढून धरा आणि गेज हलेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत फिरवा. प्रेशर दिसल्याशिवाय डिझेल सोडू नका.

सुरू झाले की हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवा आणि पाणी गरम होईपर्यंत गळती शोधा. “नवे इंजिन आहे, सावकाश चालू द्या” म्हणून तासन्‌तास स्लोवर ठेवणे हा फार पसरलेला गैरसमज आहे. दाब नसेल तर रिंगा लायनरला बसत नाहीत, जाळी तेलाने चकाकून गुळगुळीत होते आणि इंजिन कायमचे तेल खाते. त्याच दिवशी अर्धी भरलेली ट्रॉली जोडून रस्त्यावर न्या, रेस कमी-जास्त करत चालवा. पहिले २५ तास नांगर आणि पूर्ण भरलेली उसाची ट्रॉली मात्र नको.

पहिल्या गरम चालीनंतर हेड पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेट तपासा, गरम इंजिनात १० थाऊ. २५ तासांनी हेच पुन्हा, शिवाय तेल आणि फिल्टर बदला. काढलेले तेल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घ्या आणि उन्हात धरा. बारीक करडी झाक चालते. तांबूस-पिवळे चमकते कण दिसले तर बेअरिंग किंवा बुश घासते आहे, ट्रॅक्टर कामाला न लावता सम्प उघडा.